शेवंतामायची पाळ

माझ्या झोळीत नोकरीभर एक काचेचा ग्लास असे. टपरीवर चहासाठी वापरतात तसला साधा, जाड बुडाचा. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे झोळीत ग्लास घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या सरकारी माणसाबद्दल लोकांनी काय काय तर्क केले असतील ते तुम्हीच ओळखा. एकदा समुद्रपूरच्या एसटीत झोळी कलंडली आणि ग्लास घरंगळत थेट कंडक्टरच्या पायाशी गेला. त्याने तो उचलला, हुंगला आणि माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं की पुढचा थांबा येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसलो.

खरं तर तो ग्लास हे माझं सगळ्यात कामाचं हत्यार होतं. मी सिंचनाच्या कामावरचा ओव्हरसियर. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतला बराचसा काळ माझ्याकडे वर्धा जिल्ह्यातल्या खाजगी तलावांवर नजर ठेवण्याचं काम होतं. असं काही काम असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. सरकारी धरणांची उद्घाटनं होतात, त्यांचे फोटो छापून येतात. पण जुन्या मालगुजारांनी आणि बऱ्यापैकी शेती असलेल्या माणसांनी आपापल्या रानात, नाल्याला आडवी मातीची पाळ घालून लहान लहान तलाव करून ठेवलेत. गुरांना पाणी, थोडा गहू, थोडे शिंगाडे, थोडी मासोळी एवढ्यापुरते. तलाव ज्याचा त्याचा, पण पाळ फुटली तर पाणी काही सातबारा बघून वाहत नाही. म्हणून मालकी खाजगी आणि काळजी सरकारी, असा तो मामला.

माझा अधिकार विचाराल तर पाहणं, सांगणं आणि नोटीस पाठवणं. दुरुस्तीसाठी मालकाला एक टोपली मातीसुद्धा मी देऊ शकत नव्हतो. रागावण्याचा हक्क तेवढा भरपूर होता आणि तो मी पुरेपूर वापरला.

पावसाळ्याच्या आधी एक फेरी आणि पावसाळ्यात जमतील तेवढ्या. गेलं की आधी सांडवा बघायचा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्यासाठी पाळीच्या टोकाला ठेवलेली वाट. मग पाळीवर चालत घुशींची बिळं, भेगा, झाडं शोधायची आणि शेवटी खाली उतरून पायथा बघायचा. मातीची पाळ थोडीफार झिरपतेच. पायथ्याशी ओल दिसली की नवखा माणूस हबकतो, पण भिण्याचं कारण ओल नसते, रंग असतो. झिरपणारं पाणी निवळ असेल तर पाळ आपलं काम करते आहे. गढूळ असेल तर पाणी आतून पाळच घेऊन चाललं आहे असं समजायचं. यासाठी ग्लास. झिरप त्यात धरायची, उन्हाकडे करून बघायची आणि दगडावर घटकाभर ठेवून तळाशी काय बसतं ते पाहायचं. साहेब लोकांकडे आणखी बरीच उपकरणं होती. माझ्याकडे हे.

मालक लोक नाना तऱ्हेचे. आर्वीकडच्या एका गृहस्थांनी पाळीवर हौसेने आंबे लावले होते आणि मधोमध आरामखुर्ची टाकली होती. मुळं पाळीत वाटा करतात, झाड मेलं की त्या वाटांनी पाणी शिरतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि मला कैऱ्या बांधून दिल्या. दुसऱ्या एकाने मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला बांबूचा ताटवा बसवला. ताटव्याला पालापाचोळा अडकला, सांडवा बंद झाला आणि पाणी पाळीवर चढायला लागलं. मी ताटवा उपटून काढला तेव्हा हा माणूस पाण्यातून जाणाऱ्या मासोळ्यांकडे बघून मला शिव्या देत होता.

पण सांगायचं आहे ते शेवंतामायबद्दल.

समुद्रपूरकडच्या एका गावाच्या टोकाला तिचं घर, घरामागे शेत आणि शेताच्या वर तलाव. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघांनी मिळून हा तलाव केला होता. बाहेरची माती बेलदारांनी गाढवांवरून टाकली, पण पाळीच्या पोटात भरायची पिवळी चिकण माती नवऱ्याने एका लांबच्या शेतातून स्वतः बैलबंडीने आणली. दुसऱ्या मातीवर त्याचा विश्वास नव्हता. नवी नवरी असताना त्या पिवळ्या मातीच्या टोपल्या हिने डोक्यावरून वाहिल्या होत्या. त्यामुळे पाळीबद्दल कोणी वावगा शब्द काढला की ती अंगावर धावून येई.

पहिल्याच फेरीला तिने मला पाळीवर गाठलं.

"कोन होय तुमी?"

मी सांगितलं, तलाव तपासायला आलोय.

"काऊन? बिमार हाये काय थो?"

मग मी सांडव्याकडे बोट दाखवलं. तिथे तिने मातीने भरलेली पोती रचून ठेवली होती. अर्धा सांडवा बुजलेला. ही चूक लहान तलावांचे बहुतेक मालक करतात. भरल्या तलावातून पाणी वाहून जाताना बघवत नाही. आणखी हातभर पाणी मावेल, तेवढाच गहू जास्त होईल, म्हणून सांडव्याला बांध घालतात. आणि तलावाला आणखी हातभर पाणी म्हणजे पाळीचा तेवढा जीव कमी.

"ही पोती काढा," मी म्हणालो.

"भरल्या घरातून पानी जाऊ देऊ? तुमच्या घरी जाऊ देता काय?" ती म्हणाली. "म्हने पोती काढा! म्हातारी आयकत नाई. घ्या, लेहून घ्या."

हे 'लेहून घ्या' पुढे आमच्या भेटींचा ठेकाच झालं. मी काहीही सांगितलं की ती कमरेवर हात ठेवून मला लिहून घ्यायला लावी. मी पोती काढवली की पुढच्या फेरीपर्यंत ती परत लागलेली असत. नोटिसा दिल्या. त्या तिने जपून ठेवल्या होत्या, कारण कागद चांगला जाड होता आणि पापड वाळवताना खाली घालायला बरा पडत असे. भांडण झालं की चहा मात्र मिळायचाच, तोही दुधाचा.

पाळीच्या खाली, हाकेच्या अंतरावर, बौद्धांची वस्ती होती. मोजकीच घरं. तिथला सुखदेव हा कर्ता माणूस. थोडी जमीन, एक बैलजोडी आणि गावात कोणालाही न दबता बोलायची सवय. त्याच्या बायकोचं नाव यशोदा. शेवंतामायचं आणि वस्तीचं हाडवैर होतं आणि त्याचं कारण होतं माती. दिवाळीच्या आधी आमच्याकडे भिंती पोतारतात, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात देतात. पाळीच्या बाहेरच्या अंगाला तशी सुरेख पांढरी माती होती. वस्तीतल्या बाया दर वर्षी पायथ्याशी खणून ती नेत. घरं काय झकास दिसायची! पण पाळीचा पायथा खणणं म्हणजे उभ्या माणसाच्या पायाखालची फळी काढण्यासारखं आहे. आणि ज्यांच्या डोक्यावर तलाव, तेच ती काढत होते.

"माझ्या पाळीले घुशी नाई लागल्या," शेवंतामाय म्हणे. "खालच्या बाया लागल्या हायेत."

यशोदाकडे गेलो तर ती म्हणे, "सारं पानी आमच्या डोस्क्यावर अडवून ठेवलं थ्या म्हातारीनं, थे चालते. आमी दोन टोपल्या माती आनली त तिले झोंबते काय?"

मी यशोदाला सांगितलं, माती पाहिजे तर उन्हाळ्यात तलाव आटल्यावर त्याच्या पोटातून घ्या, पायथ्यातून नको. तिने विचारलं, तलावाच्या पोटात म्हातारी पाय ठेवू देईल का? शेवंतामायला विचारलं तर ती म्हणाली, बिलकुल नाई, लेहून घ्या. मी दोघींच्या मधे खेपा घालून दमलो. वरून पाण्याचा भार वाढत होता, खालून माती कमी होत होती, आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या.

मग एका श्रावणात झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे दिवसचे दिवस न खळणारा पाऊस. तो थोडा उघडला त्या सकाळी वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात तोच एसटीचा कंडक्टर आला, ज्याने माझा ग्लास हुंगला होता. सुखदेवने फाट्यावर गाडी अडवून त्याच्याजवळ निरोप दिला होता.

"ग्लासवाल्या साहेबाले सांगा म्हने, पाळ घामेजून राह्यली."

त्याच गाडीने परत निघालो. फाट्यापासून चिखल तुडवत पोचलो तर पाणी पाळीच्या माथ्याला लागायला आलेलं. सांडव्यात पोती होतीच, भिजून फुगलेली, दगडासारखी. धावत खाली उतरलो. जिथून बायांनी माती काढली होती तिथे मनगटाएवढी धार लागली होती. ग्लास धरला. पाणी पिवळं होतं.

बाहेरची माती पांढरी होती. पिवळी होती ती पाळीच्या पोटातली. पोटच चाललं होतं.

वस्तीला उंचावरच्या गावच्या शाळेत जायला सांगितलं. सुखदेवने ऐकलं, पण प्रश्न केला, "आमी जाऊ साहेब. घरं कशी नेऊ? कोठ्या, बंड्या, सालभराचं धान्य?"

उपाय एकच होता. असल्या वेळी वरून माती टाकून काही होत नाही, पाणी खाली आणावं लागतं. पाळीच्या टोकाला सांडव्याजवळ कडक मुरमाचं टेकाड होतं. तिथे पाळ तोडून सांडवा रुंद आणि खोल केला तर पाणी वस्तीला वळसा घालून नाल्याने जाणार होतं. मात्र तलाव रिकामा होणार, आणि नाला जात होता शेवंतामायच्याच कपाशीच्या शेतातून. आणि पाळ तोडण्याचा अधिकार मला नव्हता. वरून हुकूम आणायचा तर टेलिफोनच्या तारा झडीत पडलेल्या. पाळ तिची होती. तिनेच हो म्हणायला हवं होतं.

ती सांडव्यातल्या पोत्यांवर बसली होती, डोक्यावर पोत्याचीच खोळ घेऊन. सुखदेव आणि आणखी पाच-सहा माणसं कुदळ-फावडी घेऊन समोर उभी होती. कोणी पुढे होत नव्हतं.

"माय, पाळ तोडू द्या," मी म्हणालो.

"मी जित्ती असताना माझ्या मालकाच्या पाळीले कुदळ लागनार नाई."

"नाई तोडली त आपल्या मनानं तुटन. मधातून. वस्तीवर."

"कोन म्हन्ते तुटन? इतकी सालं नाई तुटली. तुमचे कागद म्हन्तेत. थ्या बायांनी खनली, थेच भरतीन."

सुखदेव खालमानेने उभा होता. कोणालाही न दबणारा हा माणूस मान वर करत नाही हे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी काय बोलणार होतो? इतकी वर्षं बोलतच होतो. मी पुन्हा खाली उतरलो, धारेखाली ग्लास भरला, वर आलो आणि तिच्या हातात दिला.

तिने ग्लास डोळ्यांजवळ नेला. पावसाचे थेंब त्यात पडत होते. तळाशी गाळ बसू लागला होता. तिने दोन बोटं बुडवून तो काढला आणि अंगठ्याने चोळला. किती वेळ चोळत होती! तिचा चेहरा बघवेना म्हणून मी पाण्याकडे बघितलं.

"हे थ्याहीची माती होय," ती म्हणाली. "बंडीनं आनली होती."

मग तिने ग्लास माझ्याकडे दिला आणि पोत्यांवरून उठली.

"सुखदेव, कुदळ दे."

"माय, आमी करतो."

"दे म्हन्ते ना. दुसऱ्याचा हात आधी लागू देनार नाई."

पहिला घाव तिने घातला. म्हातारं माणूस ते, कुदळ जेमतेम रुतली. पण तिने तीन-चार घाव घातले, मगच बाजूला झाली. पुढे माणसं तुटून पडली. पोती फाडून काढली, मुरूम फोडला, दुपारपर्यंत पाणी खळाळून सुटलं आणि नाल्याबाहेर पसरून तिच्या पऱ्हाटीवरून गेलं. फुलावर आलेलं पीक आडवं होताना ती पाळीवर उभी राहून बघत होती. दिवस मावळताना पायथ्याची धार मनगटावरून करंगळीएवढी झाली, मग थांबली. पाळ मधोमध शाबूत राहिली. वस्तीतलं एक मडकंही हललं नाही. यशोदा शाळेतून परत आली तेव्हा शेवंतामायच्या समोर उभी राहिली. एकीची पोती होती आणि दुसरीची टोपली होती, आणि दोघींना ते माहीत होतं.

आता खरं तर इथे गोष्ट संपायची. तपासणीला वरचे साहेब आले. त्यांनी पाळ तोडून टोकाला पडलेली खिंड बघितली आणि सांगितलं, तलाव असाच राहू द्या, खाजगी आहे, दुरुस्तीची तरतूद नाही, धोका गेला ते बरं झालं. कायद्याने त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीही मान डोलावली. पण त्या हिवाळ्यात जाता-येता तो कोरडा खड्डा दिसायचा, त्यात उगवलेली बेशरमाची झुडपं दिसायची. किती म्हणून तलाव मी असे जाताना पाहिले! मालक थकतो, पोरं शहरात जातात, खातं नोटीस पाठवतं, आणि एक दिवस पाळीच्या जागी नुसता उंचवटा उरतो. शेवंतामायने मला चहा देणं थांबवलं नव्हतं. भांडणं मात्र थांबली होती, आणि मला ते सोसत नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा गेलो तर खिंडीपाशी टोपल्यांची रांग लागलेली. वस्तीतल्या बाया तलावाच्या पोटातली माती काढून खिंडीत टाकत होत्या. सर्वांत पुढे यशोदा. आणि खड्ड्याच्या काठावर, उन्हात, शेवंतामाय काठी घेऊन उभी. "तिकडची नोको घेऊ, रेताड हाये. तिकडची घे, बावळे, काळी!" असं तिचं चाललेलं. मला बघताच म्हणाली, "आले सरकार. सांगा आता, कशी भरू थे."

मी चपला काढल्या. वीतभर जाडीचा एक थर टाकायचा, त्यावर पाणी शिंपायचं, तो तुडवून घट्ट करायचा, मगच वरचा थर. आणि सांडवा पूर्वीपेक्षा रुंद ठेवायचा. तुडवायला रोलर कुठून आणणार? मी म्हटलं, बैल फिरवा. बैलाचा खूर माती दाबायला फार चांगला. गावातल्या लोकांचे बैल नांगराला, वखराला लागलेले. सुखदेवने आपली जोडी आणली, वस्तीतल्या आणखी दोघांनी आणली. दिवसभर ते बैल नव्या मातीवर गोल फिरत आणि संध्याकाळी शेवंतामाय त्यांना गूळ आणि सरकीची ढेप चारी. खात्याकडून त्या कामावर एक पैसा आला नाही. खात्याकडून फक्त मी होतो, तोही रजा टाकून.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. सांडवा मोकळा होता. जादा पाणी वाहून जाताना शेवंतामाय तोंड फिरवून बसत असे, पण पोतं लावलं नाही.

पोळ्याच्या दिवशी तिने मला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं. त्या गावात पोळ्याचं तोरण देवळापुढे लागे आणि बैलांचा मान ठरलेला होता. वस्तीचे बैल सगळ्यात शेवटी. दीक्षा घेतल्यापासून वस्तीतल्यांनी तिथे बैल नेणंच सोडलं होतं. शेपटाला उभं राहण्यापेक्षा घरी शिंगं रंगवलेली बरी. त्या दिवशी शेवंतामायने पाळीच्या दोन टोकांना आंब्याची पानं बांधली आणि निरोप दिला की ज्या बैलांनी पाळ तुडवली ते आधी पाळीवरून जातील, गावचे मग.

गावातली दोन मोठी माणसं तिला समजवायला आली. हे असं कधी झालं नाही, म्हणाले.

"झालं नाई त आज होते," ती म्हणाली. "ज्याच्या डोस्क्यावर पानी, त्याचा मान पयला. पटत नसन त घर बदलून घ्या. तुमी राहा पाळीखाली."

ते दोघे बाजूला झाले. सुखदेवची जोडी पुढे झाली. शिंगांना निळा रंग, गळ्यात घुंगरं. नव्या मातीवरून जाताना बैलांनी मान खाली घालून ती हुंगली. ओल्या पाळीवर जनावरं चढू द्यायची नाहीत हा माझ्या खात्याचा नियम. मी तो त्या दिवशी विसरलो आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

बैल गेल्यावर शेवंतामाय काठी टेकत पाळीवरून खाली उतरली, थेट पायथ्याशी, वस्तीच्या बाजूला. ती तिकडे उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. जुन्या धारेच्या जागी थोडी ओल होती, बारीक झिरप.

"थो ग्लास काढा तुमचा," ती मला म्हणाली.

मी काढला. तो माझ्या हातात होता, पण तिने घेतला नाही. यशोदाकडे हनुवटीने खूण केली. यशोदाने ग्लास घेतला, पदराने पुसला आणि झिरपीखाली धरला. भरायला वेळ लागला. वर पाळीवर गाव उभं होतं, खाली वस्ती उभी होती. यशोदाने भरलेला ग्लास तिच्यापुढे केला. शेवंतामायने तो उन्हाकडे धरून बघितला. पाणी निवळ होतं, तळाशी कणभर माती नव्हती. मला वाटलं, बघून झालं, आता ओतून देईल. त्या वस्तीच्या हातचं पाणी तिच्या घराण्यात कोणी घेतलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं.

तिने ग्लास तोंडाला लावला आणि घोट घोट करत सगळं पाणी प्यायली.

मग ओठ पुसले, रिकामा ग्लास माझ्या हातात दिला आणि नेहमीसारखे कमरेवर हात ठेवले.

"गोड हाये," ती म्हणाली. "लेहून घ्या."

खात्याच्या कुठल्याच कागदात याला रकाना नव्हता. म्हणून तेव्हा लिहायचं राहून गेलं. आज लिहून घेतलं, माय.